नमुना घेऊन येणाऱ्याची खिडकी बंद करू नका

प्रति,
शेतीच्या शिक्षणातून उभ्या राहिलेल्या सर्व विद्यापीठांची नियामक मंडळे आणि कुलगुरू यांस,

स. न. वि. वि.

एका विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षे सहायक म्हणून काम केले आणि आता निवृत्त झाले आहे. ते विद्यापीठ मुळात शेतकी शाळा म्हणून सुरू झाले. पुढे महाविद्यालय झाले, प्रक्षेत्र म्हणजे प्रयोगांचे शेत वाढले, गोठा आला, रोपवाटिका आली, आणि नंतर अभियांत्रिकी, व्यवस्थापन, जैवतंत्रज्ञान असे विभाग येत येत आज त्याच्या माहितीपुस्तिकेत शेतीचा उल्लेख शोधून काढावा लागतो. माझ्या निवृत्तीच्या वर्षी प्रयोगशाळेची रस्त्याच्या बाजूची खिडकी कायमची बंद करण्यात आली. त्या खिडकीतून आम्ही मातीचे, पाण्याचे आणि रोगट पानांचे नमुने स्वीकारत असू. आता नमुना द्यायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, पिशवी मुख्य फाटकावरच्या सुरक्षा कक्षात ठेवावी लागते आणि अहवाल मोबाइलवर येतो. विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अशाच निर्णयांचे प्रस्ताव आपल्यापैकी अनेकांच्या मेजावर असतील असे मला वाटते, आणि सही करण्यापूर्वी त्या खिडकीत नेमके काय घडत होते हे आपल्यापर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

खिडकीशी येणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा चुकीचा नमुना असे. बांधावरची माती, शेणखताच्या ढिगाजवळची माती, किंवा शेतातल्या एकाच जागेवरून उचललेली ओंजळभर माती. ती तशीच तपासली तर आकडे येतात, पण ते आकडे त्या शेताचे नसतात. मग आम्ही बाहेर जाऊन, तिथल्याच मोकळ्या जागेत, नमुना कसा घ्यायचा ते करून दाखवत असू: वरचा काडीकचरा बाजूला सारायचा, साधारण वीस सेंटिमीटर खोल 'व्ही' आकाराचा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडायची, शेतात नागमोडी चालत अशा दहा-पंधरा जागांची माती एका स्वच्छ कापडावर मिसळायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करायचे. यात पंधरा मिनिटे जात, आणि त्या पंधरा मिनिटांत माणूस बोलू लागे. पाणी साचते का, मागच्या हंगामात काय घेतले होते, पाने कधीपासून पिवळी पडली, शेजारच्या शेतातही तसेच आहे का. एकदा एकाच आठवड्यात एकाच ओढ्याकाठच्या तीन शेतांतून पिवळ्या पानांची तक्रार आली. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता असावी, हे आम्हा सहायकांनाही दिसत होते. ती माणसे एकमेकांना ओळखत नव्हती, पण आमच्या नोंदवहीत त्यांची नावे एकाखाली एक आली होती. वही मृदाशास्त्र विभागातल्या प्राध्यापकांना दाखवली तेव्हा त्यांनी त्या पट्ट्यातल्या चुनखडीयुक्त जमिनीची पाहणी हाती घेतली आणि पुढे एका विद्यार्थिनीचा प्रबंध त्याच प्रश्नावर झाला. ऑनलाइन अर्जात 'पिकाचे नाव' आणि 'क्षेत्र' असे दोन रकाने आहेत. शेजाऱ्याच्या शेतात काय चालले आहे हे सांगायला त्यात जागा नाही.

विद्यापीठामुळे परिसराला काय मिळते, असे विचारले की आपल्या वार्षिक अहवालांत नोकऱ्या, घरभाडे, बाजारपेठ आणि वाहतूक यांची गणिते मांडलेली असतात. ती खोटी नाहीत. पण एखादा कारखाना किंवा मोठे रुग्णालय आले तरी हे सगळे मिळतेच. शेतीतून आलेल्या विद्यापीठाचे देणे वेगळे आहे: आपल्या पोटापाण्याच्या प्रश्नासाठी कोणाचीही ओळख न काढता ज्ञानाच्या दारात जाता येते, हा विश्वास आजूबाजूच्या लोकांना त्यातून मिळतो. आणि आपल्याला बहुधा जे सांगितले जात नाही ते असे की या विश्वासाचा मोठा वाटा विद्यापीठाच्याच पदरात परत पडतो.

१९३३ सालच्या फेब्रुवारीतला एक प्रसंग येथे सविस्तर सांगते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी हिमवादळातून सुमारे १९० मैल अंतर कापून मॅडिसनला आला. त्याच्या गाडीत मेलेली कालवड होती, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त होते आणि 'स्वीट क्लोव्हर' या चाऱ्याचा बुरसटलेला मोठा भारा होता. त्याची जनावरे रक्तस्रावाने मरत होती. त्याला जायचे होते सरकारी पशुवैद्यकाकडे. पण तो शनिवार होता आणि ते कार्यालय बंद होते. तिथल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्राच्या इमारतीत मात्र त्याला उघडे दार सापडले आणि आत कार्ल पॉल लिंक हे संशोधक भेटले. लिंक यांना त्या दिवशी फारसे काही करता आले नाही. खराब चारा देणे थांबवा आणि शक्य असेल तर आजारी जनावराला निरोगी जनावराचे रक्त द्या, एवढाच सल्ला त्यांच्यापाशी होता, आणि तो घेऊन तो माणूस जवळजवळ रिकाम्या हातांनी परत गेला. पण ते रक्त प्रयोगशाळेत राहिले. लिंक आणि त्यांचे विद्यार्थी सहा-सात वर्षे त्या बुरसटलेल्या चाऱ्याच्या मागे लागले आणि रक्त गोठू न देणारा पदार्थ त्यांनी त्यातून वेगळा केला. त्याच कामातून पुढे वॉरफरिन तयार झाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठीचे औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. हृदयाच्या कृत्रिम झडपा बसवलेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असलेल्या असंख्य रुग्णांनी ते घेतले आहे आणि आजही घेत आहेत. या औषधाच्या नावातली पहिली अक्षरे त्याच विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठानाच्या नावावरून घेतली आहेत.

त्या शनिवारी ते दार बंद असते तर काय झाले असते, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. कदाचित दुसऱ्या कोणाला तरी हे सापडले असते. पण ज्या क्रमाने ते सापडले त्यात पहिले पाऊल शास्त्रज्ञाचे नव्हते. हवालदिल झालेला एक पशुपालक स्वतःहून एवढ्या लांब आला, कारण विद्यापीठात गेले तर कोणीतरी ऐकून घेईल असे त्याला वाटले. हे वाटणे एका दिवसात तयार होत नाही. त्याच विद्यापीठाने १८८५ च्या सुमारास शेतातली कामे कमी असतात अशा हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अल्पमुदतीचे वर्ग सुरू केले होते. त्याच विद्यापीठात १८९० मध्ये स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत काढली होती. त्याआधी डेअरीत दुधाचे पैसे वजनावर मिळत, म्हणजे पाणी घालणारा किंवा साय काढून घेणारा फायद्यात राही आणि चांगले दूध घालणारा तोट्यात. बॅबकॉक यांच्या पद्धतीत लांब मानेच्या बाटलीत दूध आणि गंधकाम्ल घालून ती यंत्रात गरगर फिरवली की स्निग्धांश वर येऊन मानेवरच्या खुणांवर वाचता येई. हे काम डेअरीतला साधा कामगारही करू शकत होता. बॅबकॉक यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. दुधाचा हिशेब डोळ्यांसमोर होऊ लागल्यामुळे डेअरी आणि दूध उत्पादक यांच्यातले एक जुने भांडण मिटवण्याचे साधन हाती आले. हे साधन विद्यापीठातून आले आहे, हे परिसरातल्या माणसांनी लक्षात ठेवले असणार.

आपल्या संस्था मुळात कशासाठी निघाल्या याचीही आठवण करून द्यावीशी वाटते. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, त्याच्या राखेने आणि वायूंनी सूर्यप्रकाश अडवला, आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिके गेली आणि भूकबळी पडले. जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गचा राजा पहिला विल्हेल्म याने या उपासमारीनंतर १८१८ मध्ये होहेनहाइम येथे शेतीशिक्षणाची संस्था काढली. आजचे होहेनहाइम विद्यापीठ तिच्यातूनच वाढले. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांसाठी राज्यांना जमिनी दिल्या, १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना जोडून प्रयोग केंद्रे आली, आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने तिथले ज्ञान शेतापर्यंत नेण्याचे काम, म्हणजे ज्याला आपण विस्तार शिक्षण म्हणतो ते, कायमचे जोडले गेले. भारतात १९६० मध्ये पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ याच धर्तीवर सुरू झाले आणि १९७४ मध्ये पुदुच्चेरीत पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामे एका छपराखाली असावीत हा विचार या सगळ्या वाटचालीत कायम आहे. त्यातला तिसरा भाग आज सर्वांत आधी कापला जातो, कारण तो मोजायला अवघड आहे.

विस्तार म्हणजे भाषण आणि माहितीपत्रक नव्हे, हे मी अनुभवाने सांगते. १९०३ मध्ये टेक्सासमधल्या टेरेल गावात अमेरिकेच्या कृषी खात्याचे सीमन नॅप यांनी एका शेतकऱ्याला त्याच्याच जमिनीवर नव्या पद्धतीने पीक घ्यायला सांगितले. नुकसान झाले तर ते भरून देण्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी आधीच पैसे गोळा करून ठेवले होते. ते पैसे वापरावे लागले नाहीत. शेतकऱ्याला फायदा झाला आणि ही पद्धत पुढे सगळीकडे पसरली. या प्रसंगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब म्हणजे तो निधी. नवे काही करून पाहताना जोखीम नेहमी ज्याची ऐपत सर्वांत कमी आहे त्याच्यावर टाकली जाते, आणि येथे ती आधी वाटून घेतली गेली होती. तसेच १९०६ मध्ये अलाबामातील टस्कीगी संस्थेने, तिथले कृषी संशोधक जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या कल्पनेतून, अवजारे आणि बियाणे भरलेली एक घोडागाडी गावोगाव पाठवायला सुरुवात केली. गुलामगिरीतून सुटलेल्या, कर्जात बुडालेल्या कृष्णवर्णीय कुळांना विद्यापीठाच्या दारापर्यंत येणे परवडत नव्हते, म्हणून दारच त्यांच्यापर्यंत गेले. खिडकीचा मुद्दा मांडताना ही गाडी मला मुद्दाम आठवते, कारण खिडकीपर्यंतही येऊ न शकणारी माणसे प्रत्येक परिसरात असतात, आणि त्यात बायकांची संख्या मोठी असते.

जमिनीविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण प्रक्षेत्राची जागा नव्या इमारतींसाठी, आणि काही ठिकाणी विक्रीसाठी, सर्वांत सोयीची वाटते. इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात १८७६ पासून चालू असलेले प्रायोगिक वाफे आहेत. एकाच जागी वर्षानुवर्षे एकच पीक घेतले तर मातीचे काय होते आणि फेरपालट केली तर काय होते, याची सलग नोंद तिथे आहे. १९६० च्या दशकात शेजारी ग्रंथालय बांधायचे ठरले तेव्हा त्या वाफ्यांवर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधले गेले. मिसुरी विद्यापीठाच्या १८८८ पासूनच्या अशाच एका प्रक्षेत्रातल्या मातीच्या नमुन्यात १९४५ मध्ये एका प्रतिजैविकाचा उगम सापडला. ऑरिओमायसिन या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले. अशा शेताची किंमत चौरस फुटाच्या दराने काढली तर ते नेहमी रिकामेच दिसेल. नांगरट एकदा थांबली आणि पाया खणला गेला की शंभर वर्षांची नोंद तिथेच संपते. कितीही निधी आणला तरी ती पुन्हा सुरू करता येत नाही.

या विद्यापीठांनी आजूबाजूच्या सर्वांचेच भले केले, असे मात्र मी म्हणणार नाही. ते खरे नाही. अमेरिकेतल्या त्या महाविद्यालयांना १८६२ च्या कायद्याने जी जमीन मिळाली ती सुमारे १ कोटी १० लाख एकर होती, आणि ती तेथील अडीचशेच्या आसपास मूळ निवासी समाजांकडून, बहुतेक वेळा बळाने किंवा नाममात्र मोबदल्यात, घेतलेली होती. म्हणजे काहींच्या शिक्षणाचा पाया इतरांच्या विस्थापनावर घातला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी टोमॅटो तोडणारे यंत्र आणि ते झेपेल असे कडक टोमॅटोचे वाण तयार केले. त्यानंतर राज्यात प्रक्रियेसाठी टोमॅटो पिकवणारे शेतकरी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ४,००० होते, ते १९७३ पर्यंत सुमारे ६०० वर आले, आणि हजारो मजुरांचे काम गेले. १९७९ मध्ये या प्रश्नावर विद्यापीठावर खटला भरण्यात आला. यंत्र बनवू नये असे माझे म्हणणे नाही. त्या मजुरीत पाठ मोडत होती हेही मला ठाऊक आहे. पण सार्वजनिक पैशाने प्रश्न निवडताना मोठा बागायतदार समोर बसला होता आणि तोडणीचे काम करणारी बाई कुठेच नव्हती. खिडकी कोणासाठी आहे, हा प्रश्न म्हणूनच तपशिलाचा नाही.

आपल्या अडचणी मला कळतात. क्रमवारीत वर यायचे तर शोधनिबंध मोजले जातात. एका पट्ट्यातल्या पिवळ्या पानांवर उपाय सांगणाऱ्या प्राध्यापकाला त्याचे गुण मिळत नाहीत. निवृत्त झालेल्या विस्तार कर्मचाऱ्याची जागा भरली जात नाही. खासगी कंपन्यांचे प्रतिनिधी शेतावर जाऊन सल्ला देतात, मग विद्यापीठाने तेच का करावे, असेही विचारले जाते. त्याचे उत्तर खिडकीत उभे राहिलेल्या कोणालाही माहीत आहे. आमच्या अहवालात कित्येकदा 'स्फुरद (फॉस्फरस) भरपूर आहे, या हंगामात देऊ नये' असे लिहिलेले असे. खत विकणाऱ्याने असे वाक्य लिहावे अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. ज्याला काही विकायचे नाही असा सल्लागार परिसरात एक तरी असला पाहिजे, आणि तो आपणच आहात.

माझी मागणी मोठी नाही. बंद केलेली खिडकी आठवड्यातून किमान तीन दिवस, सकाळपासून, पूर्वसूचनेशिवाय उघडी असावी, आणि तिथे बोलणारा माणूस असावा. ऑनलाइन नोंदणी ज्यांना सोयीची वाटते त्यांच्यासाठी ती खुशाल चालू राहू द्या. तिथे आलेल्या प्रश्नांची नोंदवही दर महिन्याला संशोधन समितीपुढे ठेवावी आणि त्यातला निदान एक प्रश्न दरवर्षी कोणा विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय व्हावा. प्राध्यापकांच्या पदोन्नतीत या कामाला शोधनिबंधाच्या बरोबरीचे गुण द्यावेत. ते जमत नसेल तर बाकीच्या मागण्या कागदावरच राहतील, हे मी स्पष्टपणे सांगते. दीर्घकाळ चालू असलेल्या प्रयोगांची जमीन विकता किंवा बांधता येणार नाही, असा ठराव नियामक मंडळाने करावा. आणि त्या मंडळावर परिसरातल्या अल्पभूधारकांपैकी एक, व शेतमजुरांपैकी एक, मतदानाच्या अधिकारासह असावेत.

आमच्या प्रयोगशाळेतल्या नोंदवह्या अजून मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहेत. जुने कागद म्हणून त्या काढून टाकण्याची यादी झाली आहे, असे मला कळले आहे. प्रत्येक ओळीत तारीख, शेताचा पत्ता, सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब आणि शेवटच्या रकान्यात त्या माणसाने सांगितलेली तक्रार त्याच्याच शब्दांत लिहिलेली आहे. माझ्या विद्यापीठाच्या पदाधिकाऱ्यांनी हे पत्र वाचले तर त्यांना विनंती आहे की त्या वह्या टाकू नयेत. अक्षर लागत नसेल तर मला बोलवावे. मी येऊन वाचून देईन.

आपली नम्र,
माती परीक्षण प्रयोगशाळेतील एक निवृत्त सहायक